रेला आणि युवकांचे संगीतशिक्षण (एटापल्ली)

रेला : माडिया गोंड समाजातील समूहगायन व समूहनृत्याचा प्रकार. गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली व भामरागड तालुक्यांत आणि लगतच्या बस्तर भागात तो प्रचलित आहे. कातकरी व कोलाम यांच्यासह माडिया गोंडांची गणना महाराष्ट्रातील तीन विशेष असुरक्षित आदिवासी समूहांत होते.

स्वरूप : पंडुम (सण) व लग्नप्रसंगी तरुण-तरुणी हात गुंफून, ढोलाच्या ठेक्यावर फेर धरतात. काही जण ओळ म्हणतात, बाकीचे ती उचलून धरतात. चाल परंपरेची असली, तरी शब्द पुष्कळदा जागीच जुळवले जातात. त्यामुळे गावात घडणाऱ्या नव्या गोष्टी गाण्यात सहज येतात. रेला हा जुना ठेवा आहे, तसेच आजच्या तरुणांचे चालू संगीतही आहे.

शिक्षण : हे गायन मुले मोठ्यांबरोबर फेरात उभे राहून शिकतात. गावाची सामाईक जागा असलेले गोटूल हे त्याचे एक केंद्र. मानवशास्त्रज्ञ व्हेरिअर एल्विन यांनी बस्तरमधील मुरिया गोंडांच्या गोटुलावर 1947 मध्ये ग्रंथ लिहिला. माडियांच्या गोटुलाची रीत त्याहून वेगळी आहे. आश्रमशाळेच्या वसतिगृहात गेलेली मुले वर्षाचा बराच काळ गावापासून, म्हणून फेरापासूनही दूर राहतात. शाळेच्या बाजूने पाहता, राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा, 2005 ने दहावीपर्यंत कलाशिक्षण अनिवार्य करण्याची शिफारस केली. धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने 2019 मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली आणि तिच्या नावात गोटूल हा शब्द ठेवला.

नवी माध्यमे : 2010 मध्ये सुरू झालेल्या ‘सीजीनेट स्वर’ या फोनसेवेमुळे मध्य भारतातील गोंडीभाषकांना आपल्या आवाजातील बातम्या व गाणी ध्वनिमुद्रित करून इतरांना ऐकवता आली. मोबाइलमुळे गोंडी गाणी आता वाद्यवृंदाच्या साथीनेही ऐकली जातात.

मूल्यमापन : मुलाचे संगीतशिक्षण त्याच्या मातृभाषेतील लोकगीतांपासून सुरू व्हावे, असा आग्रह हंगेरीचे संगीतकार झोल्तान कोडाय यांनी धरला होता. एटापल्लीत तसे करणे अवघड नाही, कारण गाणारे गावातच आहेत. शाळांनी त्यांना मानधन देऊन शिक्षक म्हणून बोलवावे आणि मुलांना रेल्यात स्वतःचे शब्द रचू द्यावेत. केवळ स्नेहसंमेलनापुरता बसवलेला रेला मुलांना नाचायला शिकवील, रचायला नाही.