दोन अर्धवेळ नोकऱ्या आणि कापला गेलेला टीडीएस

समजा, कळंबचा एक तरुण सकाळी कर्जतच्या एका मोठ्या क्लासमध्ये शिकवतो, महिना ८,००० रुपये. दुपारी नेरळला एका दुकानाचे हिशेब लिहितो, पगार ९,०००. वर्षाचे झाले २,०४,०००. २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत ४ लाखांपर्यंत आयकर शून्य. तरीही क्लासवाले १० टक्के कापतात, कारण ते पैसे ‘पगार’ म्हणून नव्हे, ‘व्यावसायिक फी’ म्हणून देतात. अशी फी वर्षाला ५०,००० च्या वर गेली की कलम १९४जे लागते. कपात ९,६०० रुपये, म्हणजे क्लासच्या महिन्याभराच्या कमाईहून जास्त.

हे पैसे बुडालेले नाहीत, पण मागितल्याशिवाय मिळतही नाहीत. आयकर पोर्टलवर फॉर्म २६एएस उघडून कपात आपल्या पॅनवर दिसते का ते बघा. दिसत नसेल तर क्लासकडून दुरुस्ती करून घ्या. मग विवरणपत्र भरा. फीचे उत्पन्न असल्याने आयटीआर-१ चालणार नाही. आणि पॅन दिलाच नसेल, तर कपात थेट २० टक्के!

व्यवसाय कराकडे तर कोणी बघतच नाही. दोन्हीकडे पगार असला की दोन्ही मालक तो कापू शकतात. संविधानाच्या कलम २७६ नुसार मात्र राज्याला हा कर एका व्यक्तीकडून वर्षाला २,५०० रुपयांहून जास्त घेता येत नाही. महाराष्ट्रात महिना २५,००० पर्यंत पगार असलेल्या महिलांना तो मुळीच नाही. ताईंनी आपली पगाराची स्लिप जरूर तपासावी.

दोन्ही पगार मिळून वर्षाला पावणेतेरा लाखांवर जात असतील, तर उलटे होते: कपात कमी पडते. अशांनी एका मालकाला फॉर्म १२बी देऊन दुसरा पगार आधीच कळवावा.