बहाळचं पांढरीचं टेकाड : माती उचलण्याआधी हे माहीत असू द्या

चाळीसगाव तालुक्यातील बहाळ हे गिरणाकाठचं गाव. इथलं जुनं टेकाड पुरातत्त्व अभ्यासकांना देशभर माहीत आहे. शेजारच्या गावांना मात्र अनेकदा माहीत नसतं.

आपल्याकडे शेतीला काळी आणि वस्तीच्या जागेला पांढरी म्हणतात. मातीची घरं पडली, त्यावर नवी उभी राहिली, चुलीची राख, शेण, हाडं, खापरं साठत गेली. शेकडो वर्षं असं चाललं की जमीन उंच होते. तेच हे टेकाड.

१९५२-५३ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याचे म. न. देशपांडे यांनी बहाळला उत्खनन केलं. तळाशी ताम्रपाषाण काळातली, म्हणजे तीन हजार वर्षांहून जुनी वस्ती निघाली. वरच्या थरांत लोखंड वापरणारे लोक. नदीपलीकडे टेकवाडे इथे त्या जुन्या लोकांची दफनं मिळाली.

हे लोक शेतकरीच होते. काही गावांनी तर वस्तीभोवती मातीचा तट घातला होता. अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यात प्रवराकाठी दायमाबादला असा तट खोदकामात सापडला. वरून पाहिलं तर तो साधा बांधच वाटेल. त्याच दायमाबादला १९७४ मध्ये झाडाचं मूळ खोदताना एका शेतकऱ्याला काशाचा बैलरथ, हत्ती, गेंडा आणि रेडा मिळाले. वजन ६० किलोंच्या वर!

पांढरीची माती राखेमुळं खतासारखी चालते, म्हणून ट्रॅक्टर भरून शेतात टाकायची जुनी रीत आहे. त्यात शेतकऱ्याचं काय चुकलं, असं वाटणं साहजिक आहे. पण खापर कोणत्या थरात होतं यावरून काळ ठरतो. थर एकदा उकरला की ते खापर नुसतं खापर उरतं, आणि तो थर परत रचता येत नाही.

कायदाही कडक आहे. केंद्र संरक्षित स्थळाची नासधूस केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. अशा स्थळाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद, त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. घर बांधायचं असेल तर पाया खणण्याआधीच चौकशी करावी.

नांगरताना नाणी किंवा मूर्ती निघाली तर ती धुऊ-घासू नये, जागेचा मोबाईलवर फोटो घ्यावा आणि तलाठ्यामार्फत तहसीलला कळवावं. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची अशी वस्तू जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावीच लागते.