ढोलकी कोणासाठी थांबते?

"नृत्याच्या इतिहासावर काम करायचंय, पण साधनं कुठून आणू?" पीएच.डी.ची तयारी करणारे मला हे वरचेवर विचारतात. प्रश्न रास्त आहे. नाच झाला की संपला. मागे उरतं ते गाण्याचं बाड, कवीचं नाव, फार तर एखादी तबकडी. आज याबद्दलच लिहिते आहे, पण सगळ्या नृत्याबद्दल नाही. नाचातल्या एका थांब्याबद्दल.

लावणी रंगात आलेली असते. नाचणारी बाई एका शब्दावर अडते. पाय थांबतात, चाळ गप्प होते, मान किंचित कलते. ढोलकीवाल्याचा हातही हवेतच राहतो. मग तिच्या खांद्याची नाहीतर भुवईची काहीतरी खूण होते आणि दोघं एकदम समेवर येतात. शिट्टी पडते ती इथे. आता सांगा, हा थांबा कोणाचा? तिचा की त्याचा?

आपण "दोघांचं छान जमलंय" म्हणून मोकळे होतो. संशोधकाला एवढ्यावर सुटता येत नाही. जमणं म्हणजे नेमकं काय, कोण कोणाकडे बघतं, कोण आधी सोडतं, हे विचारावं लागतं. बैठकीच्या लावणीत तर हे फार बारीक होतं. यमुनाबाई वाईकर (१९१५–२०१८) ज्या परंपरेतल्या, तिथे गाणारी बसून अदा करते. एकच ओळ ती पुन्हा पुन्हा घेते. एकदा विनवणी, एकदा रुसवा, एकदा टोमणा. शब्द तेच, चेहरा आणि हात वेगळे. तबलजी तोवर ठेका धरून असतो, मध्ये लुडबुड करत नाही. ती मुखड्यावर परतली की तो लग्गी सोडतो. लग्गी कधी सोडायची हे कुठल्याही बाडात लिहिलेलं नसतं, ते तिच्या श्वासावरून कळावं लागतं. म्हणजे ओळीचा अर्थ ती लावते, पण त्यासाठी जागा तो राखून ठेवतो.

तुलनेसाठी जरा लांबचं उदाहरण घेऊ: टँगो. (तुलना करताना सारखं काय आहे यापेक्षा कुठे जुळत नाही ते शोधा. तिथे जास्त सापडतं.) एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्युनोस आयर्स आणि मोन्तेव्हिदेओ या बंदरांच्या शहरांत, स्थलांतरितांच्या आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या वस्त्यांत हा नाच घडला. दोघं एकमेकांना मिठीत धरून नाचतात. पावलांचा क्रम आधी ठरलेला नसतो. एकाने छातीचा रोख बदलला की दुसऱ्याला दिशा कळते. पण दुसरी व्यक्ती नुसती हुकूम पाळत नाही. ती पाऊल किती सावकाश पुरं करते त्यावर पहिल्याला थांबावं लागतं. आणि एकाच क्षणी संगीतात पर्याय असतात: पियानोच्या ठोक्यावर चालायचं, व्हायोलिनच्या लांब सुरावर रेंगाळायचं, की बँडोनिऑनच्या मागे जायचं. बँडोनिऑन म्हणजे आपल्या पेटीच्या जातीचं, पण मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी ताणायचं-दाबायचं वाद्य.

सुरुवातीला इथेही वादक समोरच असत. १९३५ च्या सुमारास हुआन दारिएन्सो या वाद्यवृंदप्रमुखाने ठोका कडक आणि चपळ केला. त्याच वर्षाच्या अखेरीस रोदोल्फो बियाजी हा पियानोवादक त्याच्याकडे आला आणि नाचणाऱ्यांची पावलं पुन्हा टँगोकडे वळली. पुढची वीसेक वर्षं टँगोचा सुवर्णकाळ मानतात. नाचणारे ज्याच्याकडे गर्दी करतील त्याची चलती, त्यामुळे वादक पायांकडे लक्ष ठेवून असत. १९५५ च्या लष्करी बंडानंतर ओहोटी लागली. मग १९८३ साली पॅरिसमध्ये 'टँगो आर्हेंतिनो' हा रंगमंचीय कार्यक्रम झाला, १९८५ मध्ये तो ब्रॉडवेवर गेला, आणि जगभर लोक पुन्हा टँगो शिकायला लागले. आजही टँगोच्या संध्याकाळी बहुतेक ठिकाणी त्याच जुन्या रेकॉर्डी वाजतात, एका वाद्यवृंदाच्या तीन-चार सलग.

म्हणजे आज नाचणारे ज्या वादकांवर नाचतात ते कधीच गेले. ते कोणासाठी थांबू शकत नाहीत. तरी टँगो जिवंत राहिला, कारण जोडीदार मिठीत आहे. संगीत गोठलं तरी त्याचा अर्थ लावणारी दोन माणसं एकमेकांना ऐकू शकतात.

लावणीचं गणित इथे बिघडतं. लावणी नाचणारीचा जोडीदार ढोलकी घेऊन बसलेला असतो. गाणं ट्रॅकवर गेलं की वादक गेला, आणि जोडीदारही गेला. गणपतीत आमच्या बेसाकडे स्पीकरवर लावणी लागते, मुली फार छान नाचतात. त्यांच्या मेहनतीला नावं ठेवायची नाहीत. पण त्या थांबतात तेव्हा रेकॉर्ड आधीच थांबलेली असते. थांबा ठरवायचा नसतो, पाठ करायचा असतो. माझ्या प्रबंधाचा सगळा भार या फरकावर आहे.

हे एका दिवसात झालं नाही. भारतात व्यापारी ध्वनिमुद्रण १९०२ मध्ये कलकत्त्यात सुरू झालं, फ्रेड गायसबर्ग तेव्हा गौहरजानचं गाणं मुद्रित करत होता. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटं मावत. टँगोच्या एका नाचाला तीन मिनिटं पुरतात. एकच ओळ दहा तऱ्हांनी फिरवणाऱ्या बैठकीला ती कशी पुरणार? आधी कापली जाते ती पुनरावृत्ती, म्हणजे नेमकी अदा. म्हणून जुन्या तबकड्या ऐकून "पूर्वी लावणी आटोपशीर असायची" असं कोणी लिहिलं, तर समजा की त्याने लावणी नाही, तबकडीची लांबी मोजली.

पुढे सिनेमा आला. 'सांगत्ये ऐका' (१९५९) मधल्या गाजलेल्या लावणीला आवाज आशा भोसलेंचा, संगीत वसंत पवारांचं, आणि पडद्यावर पाय जयश्री गडकरांचे. गाणं मला स्वतःला तोंडपाठ आहे. पण बघा, आधी ध्वनिमुद्रण आणि नंतर चित्रीकरण. ढोलकी वाजली तेव्हा समोर पाय नव्हते, पाय नाचले तेव्हा ढोलकीवाला नव्हता. संगीत बारीत गाणारी, नाचणारी आणि वाजवणारे एकाच खोलीत एकमेकांच्या नजरेत असत. इथे ते वेगवेगळ्या दिवशी काम करतात.

कागदपत्रांचीही तीच तऱ्हा. होनाजी बाळा, राम जोशी, प्रभाकर ही नावं पाठ्यपुस्तकात आहेत. त्यांची कवनं नाचून दाखवणाऱ्या किती बायकांची नावं आपल्याला येतात? ढोलकीवाल्यांचं तर विचारूच नका. १९४८ च्या सुमारास मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली आणि मग ती उठवताना संहिता आधी तपासून घेण्याची अट आली. तपासायला द्यायचे ते शब्द. थांबा कसा सादर करणार? त्यामुळे दप्तरात शब्द सापडतात, अदा सापडत नाही. शर्मिला रेगे यांचा लावणी कलावंतांवरचा १९९५ चा लेख वाचला नसेल तर आधी तो वाचा. कोणाच्या श्रमाची नोंद होते आणि कोणाची होत नाही, हा जातीचा प्रश्न आहे हे त्यानंतर विसरता येत नाही.

आता माझी चूक सांगते, तुमचा वेळ वाचेल. दिवाळीनंतर नागपूर-भंडाऱ्याच्या गावांत मंडई भरते, तिथे खडी गंमत होते. पुरुषच बाईचा वेश घेऊन नाचतो, त्याला नाच्या म्हणतात, आणि मंडळी उभ्यानेच गातात-वाजवतात. पहिल्या वर्षी मी कॅमेरा नाच्यावर लावला आणि रात्रभर हलवला नाही. घरी येऊन बघते तर पाय, चेहरा, लुगड्याचा काठ, सगळं स्वच्छ दिसतंय. पण ढोलकीवाला चौकटीबाहेर. प्रत्येक चांगल्या थांब्याला नाच्या उजवीकडे कोणाकडे तरी बघतो आणि हसतो. तो कोण, त्याने आधी काय केलं, हात वर होता की खाली, काहीच कळत नाही. कवनांची बाडं, तबकड्या आणि सिनेमावर मी जो आक्षेप घेत होते, तोच दोष माझ्या हाताने माझ्याच साधनात घातला होता.

तेव्हापासून वहीत दोन रकाने आखते. डावीकडे नाच्या, उजवीकडे ढोलकी, मध्ये वेळ. कोण आधी थांबलं तिथे बाण. दोन तासांच्या कार्यक्रमाची अशी नोंद करायला मला आठवडा लागतो. काही थांब्यांना बाण कुठल्या दिशेला काढावा तेच ठरत नाही. असे थांबे मी वेगळ्या पानावर उतरवून ठेवते, आणि जमलं तर दोघांनाही ते दाखवून विचारते. पुष्कळदा दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात.

या वर्षीच्या मंडईला रेकॉर्डर ढोलकीजवळ ठेवायचा आणि कॅमेरा बाजूला, दोघं एका चौकटीत येतील असा, असं ठरवलंय. अडचण एकच आहे: तिथून नाच्याची अर्धी पाठच दिसते, आणि भुवई अजिबात दिसत नाही.