रक्त पातळ करणारी औषधं फुफ्फुसांची सूज कमी करतात का?

कोव्हिडच्या काळात 'डी-डायमर' हा शब्द घराघरात पोहोचला. रिपोर्टमधला आकडा वाढला की रक्त पातळ करणाऱ्या औषधांची चर्चा सुरू व्हायची. पण आजार फुफ्फुसांचा असताना औषध रक्ताच्या गुठळ्यांवरचं का? समजून घेऊया.

फुफ्फुसांना तीव्र इजा म्हणजे काय?

न्यूमोनिया, सेप्सिस, कोव्हिड किंवा मोठ्या अपघातानंतर फुफ्फुसांना अचानक सूज येऊ शकते. हवेच्या नाजूक पिशव्यांभोवतीच्या बारीक रक्तवाहिन्या पाझरू लागतात, पिशव्यांमध्ये पाणी साचतं आणि रक्ताला पुरेसा ऑक्सिजन मिळत नाही. याच्या गंभीर रूपाला 'एआरडीएस' म्हणतात. १९६७ मध्ये 'द लॅन्सेट' या नियतकालिकात १२ रुग्णांच्या नोंदींवरून त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं.

सूज आणि गुठळीचा संबंध काय?

सूज आली की रक्त गोठवणारी यंत्रणाही जागी होते. त्यात तयार होणारं थ्रोम्बिन गुठळी बनवतं आणि पेशींना सूज वाढवण्याचे संकेतही देतं. म्हणजे सुजेमुळे गुठळ्या आणि गुठळ्यांमुळे आणखी सूज, असं दुष्टचक्र सुरू होतं. हेपॅरिनसारखी औषधं थ्रोम्बिनला रोखतात. त्यामुळे हे चक्र तुटेल, अशी आशा होती. (ही औषधं रक्त खरोखर 'पातळ' करत नाहीत, ते गोठण्याची क्रिया मंदावतात.)

मग प्रयोगांत काय दिसलं?

'ॲक्टिव्हेटेड प्रोटीन सी' हे गोठणं आणि सूज दोन्ही रोखणारं औषध अमेरिकेत २००१ मध्ये गंभीर सेप्सिससाठी मंजूर झालं. पुढच्या मोठ्या चाचणीत मृत्यू कमी झाले नाहीत आणि २०११ मध्ये ते बाजारातून मागे घेतलं गेलं.

कोव्हिडमध्ये हेपॅरिनच्या पूर्ण डोसची चाचणी झाली. २०२१ मध्ये आलेल्या निकालांनुसार, रुग्णालयात दाखल पण अतिगंभीर नसलेल्या रुग्णांपैकी पूर्ण डोस मिळालेले ८०.२ टक्के लोक व्हेंटिलेटरसारख्या आधाराशिवाय वाचून घरी गेले. नेहमीचा कमी डोस मिळालेल्यांत हे प्रमाण ७६.४ टक्के होतं. आयसीयूतल्या अतिगंभीर रुग्णांना मात्र फायदा झाला नाही. दोन्ही गटांत पूर्ण डोसमुळे मोठ्या रक्तस्रावाचं प्रमाण जास्त दिसलं.

ऑस्ट्रेलियात हेपॅरिन वाफेसारखं थेट फुफ्फुसात देऊन पाहिलं गेलं. फुफ्फुसांची इजा कमी वाढली, पण रुग्णांची नंतरची शारीरिक क्षमता सुधारली नाही.

याचा अर्थ काय?

औषध तेच, पण आजाराच्या कोणत्या टप्प्यावर आणि किती डोसमध्ये दिलं, यावर फायदा-तोटा ठरतो. रुग्णालयात कमी डोस दिला जातो तो मुख्यतः पायात किंवा फुफ्फुसात गुठळी होऊ नये म्हणून. एआरडीएसची सूज उतरवण्याचा तो मान्य उपचार नाही. त्यामुळे व्हॉट्सॲपवर फिरणारं जुनं प्रिस्क्रिप्शन पाहून ही औषधं घेऊ नका. मेंदूत किंवा पोटात झालेला रक्तस्राव जिवावर बेतू शकतो.