संगीतकाराचा चेहरा शिकवायचा का?

मंडळी, पाश्चात्त्य अभिजात संगीताचं कुठलंही क्रमिक पुस्तक उघडा. संगीतकाराचं नाव, जन्म-मृत्यूची सालं, आणि शेजारी एक चेहरा. संगीत तर कानानं ऐकायचं. मग हा चेहरा शिकवणाऱ्याला कशाला हवा? आज आपण तीन चेहरे पाहू आणि मग ठरवू.

पहिला बाखचा. हाउसमान या चित्रकारानं तो १७४६ साली रंगवला. केसांचा टोप, भारदस्त हनुवटी, करडी नजर. बाख तेव्हा साठी ओलांडलेला होता. हेच चित्र सगळीकडे छापलं गेलं, आणि आपल्याला वाटू लागतं की त्याचं सगळं संगीत या म्हाताऱ्यानंच लिहिलं. पण ब्रांडेनबुर्ग कंचेर्टोंची प्रत त्यानं १७२१ मध्ये अर्पण केली ती वयाच्या ३६व्या वर्षी! त्यातली ती धाव, ती मस्ती या चेहऱ्यात कुठून दिसणार? आता नजर खाली न्या. बाखच्या हातात एक कागद आहे. त्यावर लिहिलेत तीनच आवाज. रचना मात्र सहा आवाजांची. उरलेले तीन आपण त्यातूनच शोधून काढायचे. म्हणजे हे सुरांचं कोडंच झालं. शिकवायचा असेल, तर तो कागद शिकवावा.

दुसरा बीथोव्हेन. त्याच्या कपाळावरची आठी जगप्रसिद्ध आहे. तिच्या मुळाशी आहे १८१२ साली फ्रान्झ क्लाइननं घेतलेला प्लास्टरचा मुखवटा. जिवंत माणसाच्या तोंडावर ओलं प्लास्टर थापलं, तर तो काय हसणार आहे? डोळे मिटलेले, ओठ घट्ट. पुढच्या पिढ्यांनी त्यात वादळी प्रतिभा वाचली. आणि गंमत बघा, त्याच १८१२ मध्ये त्यानं आठवी सिंफनी पुरी केली. ती तर चक्क खेळकर आहे. ती आठी आधी पाहिलेल्या विद्यार्थ्याला हा खेळकरपणा ऐकूच येत नाही.

मग चित्रं काढूनच टाकावीत? थांबा. तिसरा चेहरा आहे शव्हालिए द सें-जॉर्ज याचा. जन्म १७४५, ग्वादलूप बेटावर. आई आफ्रिकन वंशाची गुलाम स्त्री. पॅरिसमध्ये तो नामांकित व्हायोलिनवादक, संगीतकार आणि वाद्यवृंदाचा नेता झाला. १७७६ मध्ये तिथल्या ऑपेराच्या प्रमुखपदासाठी त्याचं नाव पुढे आलं. तेव्हा काही गायिका आणि नर्तकींनी राणीकडे अर्ज केला, की अशा वर्णाच्या माणसाचे हुकूम आम्ही पाळणार नाही. पद त्याला मिळालं नाही. इथं चेहरा झाकून शिकवलं, तर ते कोणत्या कारणानं, हेच कळणार नाही. चेहऱ्यानं त्याचे सूर बदलले नाहीत. त्याच्यापुढचे दरवाजे मात्र बंद केले.

तेव्हा आमचं म्हणणं एवढंच, की चेहऱ्यावरून संगीत ओळखू नये, पण इतिहास जरूर वाचावा. वर्गात आधी सूर ऐकवा. मग चित्र दाखवा आणि विचारा: हे कोणी, कधी, कशासाठी काढलं? आणि कोणाचं चित्र आपल्या पुस्तकात आलंच नाही?