भाड्याची गाडी कीं आगगाडी? उल्हास खोऱ्यांतील सहलीचा इतिहास

सुट्टी जवळ आली आणि चार दिवस कोठें तरी थंड हवेच्या ठिकाणीं जाऊन यावें असें ठरलें, म्हणजे शहरांतील घरांत पहिला वाद स्थळाविषयीं होत नाहीं. तो वाहनाविषयीं होतो. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या कल्याणपलीकडील तीन शहरांत हा वाद विशेष रंगतो. एकीकडे घराजवळ आगगाडीचें स्थानक, आणि तेथून नेरळ, कर्जत, लोणावळें एकाच लोहमार्गावर. दुसरीकडे दाराशीं येऊन उभी राहणारी भाड्याची मोटार. वडील मंडळी आगगाडीच्या गर्दीला भितात, मुलांस मोटारीची हौस असते, आणि घरचा हिशेब ज्याच्या हातीं असतो तो बोटें मोजीत बसतो. हा प्रश्न मोटारीबरोबर जन्मास आला असा पुष्कळांचा समज आहे. वस्तुतः तो मोटारीहून वयानें बराच वडील आहे, आणि त्याचें उत्तर कसें शोधावें हें या खोऱ्याच्या इतिहासानें दोन वेळां दाखवून दिलें आहे.

आगगाडी येण्यापूर्वीं मुंबईहून पुण्यास जाणारा प्रवासी होडीनें खाडी ओलांडून पनवेलीस उतरे, आणि तेथून खोपोलीवरून बोरघाट चढे. १८३० सालीं गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकीर्दींत या घाटांतून गाडीरस्ता झाला. ऐपत असेल त्यानें पालखी किंवा मेणा करावा, मध्यम स्थितींतल्या माणसानें बैलगाडी ठरवावी, आणि ज्याच्या गांठीं कांहींच नसेल त्यानें पायीं चालावें, अशी त्या काळची व्यवस्था होती. प्रवास घडे तो कामासाठीं, लग्नासाठीं किंवा देवासाठीं. केवळ हवापालटासाठीं डोंगरावर जाणें ही गोष्ट सामान्य कारकुनाच्या स्वप्नांतहि येत नसे.

१६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदरहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली. १ मे १८५४ रोजीं ती कल्याणास पोंचली, आणि १२ मे १८५६ रोजीं अंबरनाथ व बदलापूर यांच्या शिवारांतून, नेरळ-कर्जतवरून थेट खोपोलीपर्यंत धांवूं लागली. पुढें १४ जून १८५८ रोजीं खंडाळा ते पुणें हा मार्ग खुला झाला. परंतु मध्यें घाट होता, आणि त्यांतील लोहमार्ग पुरा व्हावयास १८६३ साल उजाडलें. मधल्या पांच वर्षांतील प्रवाशांची स्थिति मोठी मजेची होती. मुंबईहून खोपोलीपर्यंत आगगाडी. तेथें उतरून पालखी, तट्टू किंवा बैलगाडी करून घाट चढावयाचा. आणि खंडाळ्यास पुन्हां आगगाडींत बसावयाचें. जुनें आणि नवें वाहन एकाच प्रवासांत एकमेकांच्या हातांत हात घालून चालत होतें. जेथें रूळ संपला तेथें भाड्याचें वाहन लागलें, आणि जेथें रूळ पुन्हां सुरू झाला तेथें तें सुटलें. हा या इतिहासाचा पहिला धडा होय.

लोहमार्गानें किती गोष्टी जवळ आणल्या याचें उदाहरण म्हणजे अंबरनाथचें शिवमंदिर. वालधुनी नदीच्या कांठचें हें शिलाहारकालीन देवालय. त्यावरील शिलालेखांत शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, असा काळ आहे. आगगाडी या वाटेनें जाऊं लागल्यास बारा वर्षें होतात न होतात, तोंच १८६८ सालीं मुंबईच्या कलाशाळेकडून या मंदिराचीं रेखाचित्रें व शिल्पांचे सांचे घेण्याचें काम झालें. आजहि स्थानकावर उतरून थोड्या वेळांत तेथें पोंचतां येतें. अशा स्थळासाठीं दिवसभराची मोटार ठरविणें म्हणजे शेजारच्या घरीं जावयास पालखी मागविण्यासारखें आहे.

परदेशांतहि हेंच घडत होतें. इंग्लंडांत १८४१ सालीं टॉमस कुक यानें लेस्टरहून लफबरोपर्यंत सुमारें ५०० माणसांची सहल दरडोई एका शिलिंगांत आगगाडीनें नेली. सहल ही श्रीमंतांची मिरास राहिली नाहीं ती येथपासून. याचें कारण साधें आहे. पालखीचा खर्च एका माणसावर पडतो. गाडीचा खर्च शेंकडों माणसांत वांटला जातो.

माथेरानची कथा याहूनहि बोधप्रद आहे. १८५० च्या मे महिन्यांत ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट हे चौकच्या बाजूनें डोंगर चढून माथ्यावर गेले, आणि हें स्थळ साहेबलोकांच्या नजरेस आलें. रानांत राहणाऱ्या लोकांस तो डोंगर पूर्वींपासूनच ठाऊक होता. तो नव्यानें सांपडला तो मुंबईकरांना. १८५६ नंतर नेरळपर्यंत येणें सोपें झालें. परंतु नेरळहून वर सात-आठ मैलांचा चढ उरलाच. तो तट्टावरून, पालखींतून किंवा पायीं चढावा लागे. लांबचा प्रवास स्वस्त व जलद, आणि जवळचा प्रवास महाग व मंद, अशी ही विलक्षण स्थिति होती.

या ठिकाणीं सर आदमजी पीरभॉय यांचें नांव घेतल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. हे मुंबईचे मोठे व्यापारी. १८९७ सालीं ते मुंबईचे शेरीफ होते. अशी आख्यायिका सांगतात कीं, १९०० च्या सुमारास ते माथेरानला जाण्यासाठीं नेरळास उतरले, तेव्हां एकहि तट्टू वा पालखी मोकळी नव्हती. सारीं वाहनें आधींच ठरून गेलीं होतीं. खिशांत पैसा होता, पण त्या पैशाला त्या दिवशीं वाहन मिळेना. शेवटीं त्यांस माघारीं फिरावें लागलें. आख्यायिकेंत खरें किती तें असो. पुढें जें घडलें तें इतिहासांत नमूद आहे. त्यांनीं स्वतःच्या पैशानें डोंगरावर आगगाडी नेण्याचें ठरविलें, आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनीं तें काम अंगावर घेतलें. १९०४ सालीं आरंभ झाला, सुमारें १६ लाख रुपये खर्ची पडले, आणि २२ मार्च १९०७ रोजीं दोन फूट रुंदीच्या रुळांवरून छोटी गाडी माथेरानास पोंचली. चढ गाडीला झेपावा म्हणून हा मार्ग डोंगराला वळसे घेत घेत सुमारें २१ किलोमीटर लांब झाला आहे. आदमजींसारख्या धनिकानें मनांत आणलें असतें तर दहा तट्टें आणि चार पालख्या कायमच्या पदरीं ठेवल्या असत्या. त्यांनीं तसें केलें नाहीं. एका श्रीमंताची अडचण हजारों सामान्यांची सोय झाली. हा दुसरा धडा.

आतां मोटारीकडे वळूं. मुंबईंत १९११ च्या सुमारास टॅक्सी आली. दुसऱ्या महायुद्धांत पेट्रोलवर नियंत्रण आलें, आणि कोळशाच्या वायूवर मोटारी चालविण्याची पाळी आली. १ जून १९४८ रोजीं पुणें-अहमदनगर मार्गावर सरकारी एस. टी.ची पहिली गाडी धांवली, आणि आगगाडीपासून दूर असलेल्या गांवांनाहि ठरल्या वेळेचें, ठरल्या भाड्याचें वाहन मिळूं लागलें. त्याच सुमारास कल्याणजवळच्या लष्करी छावणींत फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची वसाहत उभी राहिली. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्तें तिची कोनशिला बसून उल्हासनगर हें नांव पडलें. घरदार टाकून आलेल्या त्या कुटुंबांना सहलीचा विचार सुचण्यासारखे ते दिवस नव्हते. त्यांच्याच नातवंडांच्या दारीं आज सुट्टींत भाड्याच्या मोटारी उभ्या राहतात, हा कष्टाचा विजयच म्हटला पाहिजे.

चालकाविना मोटार भाड्यानें देण्याच्या धंद्याला १९८९ च्या केंद्र सरकारच्या योजनेनें नियमांत बसविलें. अशा मोटारीची पाटी काळी असून तीवर पिवळीं अक्षरें असतात. चालकासह मिळणाऱ्या टॅक्सीची पाटी पिवळी असून अक्षरें काळीं असतात. पांढऱ्या पाटीची खासगी मोटार भाड्यानें घेणें नियमाविरुद्ध आहे, आणि अपघात झाल्यास विम्याच्या वेळीं तें अंगाशीं येतें. गृहस्थानें एवढें तरी पाहून घ्यावें.

हिशेबाचें सूत्र मात्र पालखीच्या काळचेंच आहे. आगगाडी माणशीं भाडें घेते, मोटार मैलामागें. बाहेरगांवच्या मोटारीस बहुधा रोजच्या किमान किलोमीटरांची अट असते. वर चालकाचा भत्ता व पथकर. बदलापूर ते नेरळ हें अंतर लोहमार्गानें १९ किलोमीटरांच्या आसपास आहे. माथेरानांत मोटारींना बंदी असल्यामुळें मोटार दस्तुरी नाक्यावर थांबते. म्हणजे दोन दिवसांच्या मुक्कामांत मोटार उभी, आणि भाडें मात्र चालूं. येथें आगगाडीनें नेरळ गांठून पुढें सामायिक टॅक्सी किंवा छोटी गाडी हाच शहाणपणाचा मार्ग. छोटी गाडी पावसाळ्यांत नेरळहून वर चढत नाहीं, एवढें लक्षांत ठेवावें. याच्या उलट अष्टविनायकांची यात्रा. पाली व महड रायगड जिल्ह्यांत, सिद्धटेक अहिल्यानगर जिल्ह्यांत, बाकीचीं पांच स्थळें पुणें जिल्ह्यांत विखुरलेलीं. तेथें वृद्ध आईवडील व मुलेंबाळें घेऊन निघालेल्या कुटुंबानें मोटार केली तर तिला चैन म्हणतां येणार नाहीं.

पावसाळ्याचा विचार दोन्ही वाहनांस लागू आहे. २००५ च्या जुलैंतील अतिवृष्टीनें माथेरानचा लोहमार्ग उखडला, आणि तो २००७ सालीं पुन्हां सुरू झाला. २७ जुलै २०१९ रोजीं उल्हास नदीच्या पुरांत महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीजवळ अडकली, आणि सुमारें १,०५० प्रवाशांना होड्यांनीं बाहेर काढावें लागलें. नदीच्या पुरापुढें रूळ काय आणि रस्ता काय, दोन्ही सारखेच.

तात्पर्य, दोन्ही वाहनांत वैर नाहीं. रूळ संपतो तेथें भाड्याच्या वाहनाचा अधिकार सुरू होतो, त्याआधीं नव्हे. परंतु ज्यांस मोटार परवडते त्यांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. सुस्थितींतील माणसें सार्वजनिक वाहन सोडून गेलीं, म्हणजे त्या वाहनाच्या तक्रारी सांगणारें वजनदार तोंड नाहींसें होतें, आणि उरलेल्यांचे हाल वाढतात. नेरळच्या फलाटावर वाहन न मिळालेल्या एका गृहस्थानें काय केलें हें वर सांगितलेंच आहे. सुट्टीच्या पहांटे बदलापूरच्या फलाटावर उभ्या असलेल्या गर्दींत त्यानें बांधलेल्या गाडीची वाट धरणारीं माणसें आजहि असतात.