भाषांतराची अनुज्ञा : एका हक्काचा इतिहास

भाषांतरित ग्रंथाच्या आरंभी ‘मूळ लेखकाच्या अनुज्ञेने’ अशी एक ओळ पुष्कळदा छापलेली आढळते. वाचक तिच्याकडे सहसा लक्ष देत नाही. परंतु ही अनुज्ञा मागण्याचे बंधन भाषांतरकारावर केव्हापासून आले, ते कोणी घातले आणि कोणत्या लेखकांच्या बाबतीत शिथिल केले, हा इतिहास मोठा उद्‌बोधक आहे. मराठीसारख्या भाषेला तर तो विशेष जवळचा आहे. कारण अन्य भाषांतील विद्या व वाङ्मय आपल्याकडे आणण्याचा मार्ग ह्या अनुज्ञेतूनच जातो. प्रस्तुत लेखात त्यातील मुख्य टप्प्यांचा विचार करावयाचा आहे.

इंग्लंडातील १७१० च्या कायद्याने ग्रंथकाराला ग्रंथ छापण्याचा हक्क मुदतीपुरता दिला. भाषांतराचा मात्र त्यात उल्लेख नव्हता. लवकरच हा प्रश्न न्यायालयापुढे आला. टॉमस बर्नेट ह्याच्या एका लॅटिन ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर छापले जात असताना त्याच्या वारसाने मनाई मागितली. भाषांतरकार स्वतःचे श्रम व बुद्धी खर्च करीत असल्यामुळे भाषांतर म्हणजे निव्वळ पुनर्मुद्रण नव्हे, असे लॉर्ड चॅन्सेलर मॅक्लसफील्ड ह्यांना वाटत होते. तरीही त्यांनी मनाई दिली. कारण असे की, ग्रंथातील चमत्कारिक मते लॅटिनच्या पडद्याआड राहणेच इष्ट असून सामान्य जनांच्या हाती ती पडू नयेत. म्हणजे भाषांतर थांबले ते ग्रंथकाराच्या हक्कासाठी नव्हे. लोकांना ते वाचता येईल ह्या भीतीने.

अमेरिकेतही प्रारंभीची दृष्टी अशीच होती. ‘अंकल टॉम्स केबिन’ ही हॅरिएट बीचर स्टो ह्यांची कादंबरी १८५२ साली ग्रंथरूपाने निघाली. तिचे जर्मन भाषांतर फिलाडेल्फियातील एका जर्मन पत्राने लेखिकेच्या संमतीवाचून छापले. स्टोबाईंनी स्वतः एक जर्मन भाषांतर करवून घेतलेले असल्यामुळे त्यांनी दाद मागितली. १८५३ साली न्यायमूर्ती ग्रिअर ह्यांनी निर्णय दिला की, भाषांतर ही मूळ ग्रंथाची प्रत नव्हे. सबब हक्कभंग झालेला नाही. भाषांतराचा हक्क राखून ठेवण्याची मुभा अमेरिकन ग्रंथकारांना पुढे १८७० च्या कायद्याने मिळाली.

१८८६ च्या बर्न येथील आंतरराष्ट्रीय करारात ह्या हक्काला मान्यता मिळाली, पण प्रकाशनापासून दहा वर्षांपुरतीच. १८९६ साली पॅरिस येथे असे ठरले की, ग्रंथकाराने दहा वर्षांच्या आत एखाद्या भाषेत भाषांतर प्रसिद्ध केले वा करविले, तर त्या भाषेपुरता त्याचा हक्क पूर्ण मुदतीपर्यंत टिकावा. १९०८ साली बर्लिन येथे हीही अट गेली आणि भाषांतराचा हक्क मूळ हक्काइतकाच दीर्घायुषी झाला. हेच तत्त्व ब्रिटिश पार्लमेंटने १९११ च्या कायद्यात स्वीकारले.

तो कायदा हिंदुस्थानास लागू करण्यासाठी १९१४ चा तिसरा कायदा झाला. त्याचे चौथे कलम ह्या इतिहासात महत्त्वाचे आहे. त्यानुसार ब्रिटिश हिंदुस्थानात प्रथम प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाच्या भाषांतराचा अनन्य हक्क प्रकाशनापासून दहाच वर्षे टिकावयाचा होता. मात्र त्या अवधीत ग्रंथकाराने, किंवा त्याची अनुज्ञा मिळालेल्या इसमाने, एखाद्या भाषेत भाषांतर प्रसिद्ध केले, तर त्या भाषेपुरती ही मर्यादा लागू होत नसे. अर्थात बर्लिनमध्ये टाकून दिलेली १८९६ ची तडजोड येथे पुन्हा प्रतिष्ठित झाली. अनुज्ञापत्राला त्यामुळे दुहेरी महत्त्व आले. ते भाषांतरकाराला अधिकार देई. शिवाय वेळेत भाषांतर निघाले, तर ग्रंथकाराचा त्या भाषेतील हक्कही वाचवी.

एक उदाहरण कल्पून पाहू. कलकत्त्यास १९१७ साली एक बंगाली कादंबरी निघाली. लेखकाने १९२० साली हिंदी भाषांतरास अनुज्ञा दिली व ते लगेच प्रसिद्ध झाले. मराठीसाठी कोणी विचारलेच नाही. मग १९२७ नंतर मराठी भाषांतरकारास लेखकाला पत्र लिहिण्याचेही कायदेशीर कारण उरले नाही. हिंदी भाषांतरकारास मात्र ते उरले. ह्या सवलतीमुळे देशी भाषांतील देवघेवीचा मार्ग मोकळा झाला, हे मान्य केले पाहिजे. परंतु तिची किंमत कोणी द्यावयाची? १९११ च्या कायद्याने वसाहतींच्या विधिमंडळांना असे फेरफार करण्याची मुभा मुख्यतः तेथील ग्रंथकार व तेथे प्रथम प्रसिद्ध झालेले ग्रंथ ह्यांच्यापुरतीच दिली होती. परिणामी लंडनमध्ये निघालेल्या ग्रंथाचा भाषांतरहक्क पूर्ण मुदतीचा राहिला आणि पुण्यात किंवा कलकत्त्यात निघालेल्या ग्रंथाचा दहा वर्षांवर आला. ज्ञानप्रसाराचा भार एकट्या हिंदी ग्रंथकाराच्या शिरावर पडला.

१९५७ च्या कायद्याने हा भेद नाहीसा केला. भाषांतराचा हक्क मूळ हक्काइतकाच टिकू लागला. पण त्याचबरोबर ३२ व्या कलमाने सक्तीच्या परवान्याची योजना केली. सात वर्षांत एखाद्या भाषेत भाषांतर निघाले नसेल, अर्जदाराने अनुज्ञा मागूनही ती नाकारली गेली असेल किंवा हक्कदाराचा पत्ताच लागत नसेल, तर कॉपीराइट मंडळाकडे अर्ज करता येई. अर्जदाराची पात्रता व स्वामित्वधन देण्याची ऐपत पाहून मंडळ परवाना देई. प्रत्येक प्रतीवर मूळ लेखकाचे नाव छापणे आवश्यक होते आणि लेखकाने ग्रंथ प्रसारातून मागे घेतला असल्यास परवाना मिळत नसे. १९१४ च्या कायद्याने हक्कच संपविला होता. १९५७ च्या कायद्याने तो राखून नकाराचा अधिकार तेवढा मर्यादित केला. मंडळाचे हे काम २०२१ पासून न्यायालयांकडे आले आहे.

१९७१ साली पॅरिस येथे विकसनशील देशांना ज्या सवलती मान्य झाल्या, त्यांना अनुसरून १९८३ साली आपल्या कायद्यात दुरुस्ती झाली. अध्यापन, विद्याव्यासंग किंवा संशोधन ह्यांसाठी परकीय ग्रंथाचे भारतीय भाषेत भाषांतर हवे असेल, तर तीन वर्षांनी परवाना मागता येतो. आणि ती भाषा कोणत्याही विकसित देशात सर्वसाधारण वापरात नसेल, तर एका वर्षानेच. ही सवलत भारतीय ग्रंथांना लागू नाही. १९१४ साली भार होता तो स्वदेशी ग्रंथकारावर. १९८३ साली तो परकीयावर गेला. सत्तर वर्षांत तराजूचे पारडे असे फिरले. मात्र हक्कदाराने त्याच भाषेत वाजवी किमतीला भाषांतर काढले, तर असा परवाना संपुष्टात येतो. जो आपला हक्क वापरतो त्याचाच तो टिकतो, हे जुने तत्त्व येथे पुन्हा दिसते.

तथापि सक्तीचा परवाना हा अखेरचा उपाय होय. मुख्य मार्ग कराराचा, आणि कायद्याप्रमाणे परवाना लेखी असावा लागतो. कोणती भाषा, कोणता प्रदेश, किती मुदत आणि किती मोबदला, हे त्यात स्पष्ट असावे. १९९४ च्या दुरुस्तीनुसार मुदत लिहिलेली नसेल, तर ती पाच वर्षांची मानली जाते. प्रदेश लिहिलेला नसेल, तर भारतापुरता. ‘खुशाल भाषांतर करा’ एवढ्या सौजन्यपूर्ण पत्रावर विसंबून दहा वर्षांनी दुसरी आवृत्ती काढणाऱ्या प्रकाशकाला हे कलम अडचणीत टाकू शकते. शिवाय भाषांतर ही स्वतंत्र कृती असल्यामुळे तिच्यावर भाषांतरकाराचाही हक्क असतो. तो कोणाकडे राहावा, हेही आधीच ठरविलेले बरे.

बर्नेटच्या खटल्यापासून आजवर प्रश्न एकच आहे : ग्रंथ ज्याचा, त्याच्या होकारावाचून तो दुसऱ्या भाषेतील वाचकाला मिळावा काय? कायद्याने कधी ग्रंथकाराची बाजू घेतली, कधी वाचकाची. दोघांचेही समाधान करण्याची शक्ती वेळीच केलेल्या स्पष्ट करारात आहे. ग्रंथारंभीची ती लहानशी ओळ त्या कराराची साक्ष असते. म्हणून ती छापणाऱ्याने तिच्यामागचा कागदही जपून ठेवावा.